कुलूप देहातच होते

मी डॉक्टर नव्हे, बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण १९९६ साली अब्बांना कर्करोग झाला आणि वेदना म्हणजे काय, ते मी त्यांच्या उशाशी बसून पाहिले. आमच्या तालुक्याच्या गावी मॉर्फिनची गोळी मिळाली नाही. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. अफूच्या बोंडातल्या चिकाला माणसाच्या दुखण्याचा पत्ता कोणी सांगितला?

हा चीक माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक. ग्रीक त्याला ओपियन म्हणत, अरब अफयून, आपण अफू. १८०५च्या सुमारास जर्मनीत औषधालयात काम करणाऱ्या फ्रिडरिश सर्ट्यूर्नर या तरुणाने त्याचे सत्त्व वेगळे काढले. स्वप्नांचा ग्रीक देव मॉर्फियस, त्याच्यावरून पुढे नाव पडले मॉर्फिन.

पण ते शरीरात नेमके कुठे लागू पडते, हे कळायला १९७३ साल उजाडले. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट ही तरुण विद्यार्थिनी आणि तिचे मार्गदर्शक सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूतले रिसेप्टर दाखवून दिले. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचे कुलूप. मॉर्फिन त्याची किल्ली. किल्ली फिरली की वेदनेचा निरोप पुढे जाईनासा होतो.

मग निसर्गाने हे कुलूप अफूसाठी घडवले की काय? उत्तर १९७५ साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनहून आले. जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना डुकरांच्या मेंदूत शरीराचीच किल्ली सापडली. तिचे नाव एन्केफेलिन. म्हणजे दुखण्यावरची फुंकर देहात आधीपासूनच होती. अफूची किल्ली तिच्यासारखी निघाली, एवढेच.

हीच कुलपे श्वास चालवणाऱ्या केंद्रातही आहेत. म्हणून मात्रा जास्त झाली की श्वास थांबतो. तेव्हा नॅलॉक्झोन देतात. ही किल्ली कुलपात बसते, पण फिरत नाही. मॉर्फिनला मात्र बाहेर ढकलते. हृदयावरच्या बीटा रिसेप्टरांची वाट अशीच अडवून जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल घडवले. १९८८ साली त्यांना नोबेल मिळाले.

आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकते. तरी १९८५च्या कडक कायद्यानंतर रुग्णालये मॉर्फिन ठेवायला कचरू लागली. २०१४च्या दुरुस्तीने वाट थोडी सोपी झाली. व्यसनाची भीती खोटी नाही. पण मरणाऱ्या माणसाच्या वेदनेपुढे ती केवढी मोठी करायची, हे आपण ठरवायचे आहे.

किल्ली सापडली होती. अब्बांच्या उशापर्यंत तेवढी पोहोचली नाही.