टीव्ही गेममधील चिपबदलाचा इतिहास

टीव्हीला जोडून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमची गती टीव्हीच्या गतीला बांधलेली असे. जपान आणि अमेरिकेत एनटीएससी पद्धत होती. तिथे पडद्यावर सेकंदाला सुमारे ६० वेळा चित्र उमटे. भारतात पाल पद्धत आली. तिच्यात रेषा ६२५ आणि वेग सेकंदाला ५०. खेळातली धाव, उडी, संगीत सारे याच ठेक्यावर चाले. त्यामुळे यंत्रातली मुख्य चिप बदलली की खेळाचा वेगही बदलत असे. चिपबदलाची कारागिरी या अडचणीतून आणि कंपन्यांनी घातलेल्या कुलुपांतून जन्मली.

निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी जपानात फॅमिकॉम विक्रीला आणले. त्याचे काम रिको कंपनीच्या दोन चिपांवर चाले: २ए०३ ही हिशेब आणि आवाज सांभाळी, २सी०२ ही चित्र काढी. दोघींना २१.४७७ मेगाहर्ट्झच्या एकाच स्फटिकाचा ठेका मिळे. पहिली चिप तो १२ने भागून घेई, दुसरी ४ने. म्हणजे हिशेबाच्या एका टप्प्यात चित्राचे बरोबर तीन ठिपके पडत. हे यंत्र भारतीय टीव्हीला जोडले, तर रंग आणि आवाज मिळण्याची खात्री नसे. युरोपातील पाल टीव्हीसाठी २ए०७ आणि २सी०७ ही वेगळी जोडी आणि २६.६० मेगाहर्ट्झचा स्फटिक आला. त्यात भागाकार १६ आणि ५ असे होते. तीन ठिपक्यांच्या जागी ३.२ ठिपके आले, प्रत्येक चित्रातल्या रेषा २६२वरून ३१२ झाल्या. जपानी वेगासाठी लिहिलेले खेळ तिथे मंदावत, गाणी लांबत; टप्पे मोजून पडदा दुभागणाऱ्या खेळांत तर चित्रच थरथरे.

या कोड्याचे सर्वांत हुशार उत्तर तैवानच्या यूएमसी कंपनीच्या नकली चिपांनी दिले, आणि या इतिहासात त्याचे श्रेय त्यांना क्वचितच मिळते. यूए६५२७पी आणि यूए६५३८ या जोडीने पालचाच स्फटिक वापरला, पण हिशेबाच्या चिपने तो १६ऐवजी १५ने भागला. तीनास एक हे मूळ प्रमाण परत जुळले. चित्र संपल्यावरच्या ५१ रेषा नुसत्या थांबण्यात घालवल्या, त्यामुळे खेळाला मिळणारा कामाचा अवधी जपानी यंत्राइतकाच राहिला. वेग ५०चाच राहिला, तरी जपानी खेळ न मोडता चालू लागले. रशियात गाजलेले डेंडी हे यंत्र याच चिपांवर उभे होते.

भारतात १९९०च्या दशकात फॅमिकॉमच्या वंशातली यंत्रे सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी विकली गेली. फॅमिकॉममध्ये निन्टेंडोच्या अमेरिकी यंत्रासारखी अनधिकृत कॅसेट रोखणारी कुलूपचिप नव्हती, म्हणून ६० पिनांच्या कॅसेटची नक्कल सोपी होती. ही यंत्रे शहरांच्या बाजारांतून गावांत येत: मुदखेड–निझामाबाद रेल्वेमार्गावरच्या उमरीसारख्या तालुक्याच्या गावाला नांदेडची बाजारपेठ जवळ आणि हैदराबादची एका गाडीच्या अंतरावर. हैदराबादेत कोठीची गुजराती गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड ही इलेक्ट्रॉनिक्सची ठाणी. छोट्या गावातल्या ग्राहकाला चिप बदलावीच लागली नाही. तडजोड चिपेतच करून यंत्र त्याच्यापर्यंत येई. पुढे या यंत्रांत दोन्ही चिपा एकाच तुकड्यात आल्या आणि पाटीवर काळ्या राळेचा गोळा दिसू लागला. किंमत उतरली, पण दुरुस्तीची वाट बंद झाली: गोळ्याखालची चिप कोणत्याच कारागिराला काढता येत नाही.

स्वतंत्र चिपा असलेल्या यंत्रावर मात्र काम करता येते. जुनी आयसी डिसोल्डर पंपाने काढायची, जागी आयसी बेस टाकायचा, मग पाल वा एनटीएससी जोडी हवी तशी बसवायची. स्फटिकही सोबत बदलावा लागतो. नुसती चिप बदलून भागत नाही. सेगाच्या मेगा ड्राइव्हमध्ये हेच काम फार सोपे होते. हे यंत्र शॉ वॉलेसने एप्रिल १९९५पासून भारतात आणले. त्याच्या पाटीवरचा एक जोड तोडून तारांनी खटका लावला की तीच चित्रचिप ५० आणि ६० अशा दोन्ही वेगांनी चाले. दुसऱ्या खटक्याने जपानी आणि परदेशी ही ओळख बदले. ६०चा वेग न पेलणाऱ्या जुन्या टीव्हीवर चित्र मात्र फिरत राही.

ज्या यंत्रांत चालू होतानाचा मूळ प्रोग्राम स्वतंत्र चिपेत असतो, तिथे दुसरी युक्ती वापरतात. दुप्पट क्षमतेच्या ईप्रॉममध्ये दोन प्रोग्राम एकापाठोपाठ लिहितात आणि सर्वांत वरची पत्त्याची पिन खटक्याला जोडतात. पिन जमिनीला लागली की पहिला अर्धा भाग वाचला जातो. ५ व्होल्टला लागली की दुसरा. पिन अधांतरी राहू नये म्हणून एक रोधक लावतात आणि यंत्र बंद असतानाच खटका फिरवतात.

प्लेस्टेशनच्या काळात प्रश्न बदलला. चकतीच्या आतल्या कडेवर प्रदेशाची चार अक्षरे नोंदलेली असत. कारागिराने यंत्रात सोल्डर करून बसवलेली जोडचिप तीच अक्षरे यंत्राला ऐकवी. त्यामुळे परदेशी चकती चाले आणि नक्कल केलेलीही. या दोन गोष्टी एकाच सोल्डरिंगने साधत असल्याने दुरुस्ती आणि चोरी यांच्यातली रेषा पुसट झाली. भारताने २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम घातले: हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. चिपेला हात लावणे हा तिथे गुन्हा ठरत नाही; गुन्हा हेतूवरून ठरतो.