कुत्र्याच्या अन्नाची पारख

कुत्र्यासाठी अन्न घेताना आपण किंमत बघतो, पाकिटावरचे मांसाचे चित्र बघतो, ‘नैसर्गिक’ असा शिक्का बघतो. या धंद्याचा दीडशे वर्षांहून जुना इतिहास पाहिला, तर यातली एकही खूण भरवशाची ठरत नाही. कुत्र्याला काय चांगले, हे बराच काळ कारखानदाराच्या सोयीने ठरले. कुत्र्याच्या शरीरावर पडताळून ठरवण्याची रीत उशिरा आली. अन्नाची प्रत जोखायची ती याच रीतीने.

सुरुवात झाली 1860च्या सुमारास, लंडनमध्ये. जेम्स स्प्रॅट या अमेरिकन उद्योजकाने गव्हाचे पीठ, भाज्या, बीट आणि गोमांस यांची कडक बिस्किटे सधन शिकाऱ्यांना विकायला घेतली. त्याच्याच कंपनीत उमेदवारी केलेल्या चार्ल्स क्रफ्टने 1891 मध्ये आपल्या नावाचे श्वानप्रदर्शन भरवले. जातिवंत कुत्री पाळण्याची हौस आणि तयार अन्नाचा बाजार हातात हात घालून वाढले. मोटारी आणि ट्रॅक्टर आल्यावर अमेरिकेत घोडे बिनकामाचे झाले आणि 1922 मध्ये घोड्याच्या मांसाचे डबे दुकानात आले. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली, तसे डबे मागे पडून कोरडे अन्न पुढे आले. 1957 मध्ये प्युरिना कंपनीने आज सर्रास दिसणारे फुगीर दाणे बाजारात आणले. मांस-पिठाचा लगदा उष्णता आणि दाबाखाली शिजवून साच्यातून ढकलतात; बाहेर पडताच तो फुलतो, मग वाळवून त्यावर चरबीचा हात फिरवतात. घोडे, पत्रा, यंत्र अशी कारणे बदलत गेली, पण जाहिरात दर वेळी कुत्र्याच्या भल्याचीच होती.

किंमत आणि छापील आकडे किती फसवे असू शकतात, हे 2007 मध्ये दिसले. कॅनडाच्या मेनू फूड्स कंपनीला 6 कोटींच्या आसपास डबे आणि पाकिटे परत मागवावी लागली. त्यात नामांकित महागडे ब्रँड होते, तसाच दुकानांचा स्वस्त मालही होता, बनवणारा एकच. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन या रसायनाची भेसळ होती. प्रयोगशाळेत प्रथिने सहसा थेट मोजली जात नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणतात. मेलामाइनचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो, त्यामुळे कागदावर प्रथिने वाढली आणि जनावरांच्या मूत्रपिंडांत स्फटिक झाले.

यावर कोणी म्हणेल, मग घरचेच अन्न बरे. आपल्याकडची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरी-दुधावर जगलीच की. पण ती कुत्री मोकळी होती. उंदीर, हाडे, मेलेले जनावर, जे मिळेल ते खाऊन उणीव भरून काढत. फ्लॅटमधल्या कुत्र्याला वाडग्यात पडेल तेवढेच मिळते. नुसत्या भात आणि बिनहाडाच्या कोंबडीत कॅल्शियम फारच थोडे असते, आणि वाढत्या पिल्लाची हाडे त्याने कमकुवत होतात. आमटीतला कांदा-लसूण तर तांबड्या रक्तपेशींनाच मारक. घरी रांधायला हरकत नाही, पण प्रमाण जाणकार पशुवैद्याकडून ठरवून घ्यायला हवे.

दुसरा आक्षेप असा की कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य नकोच. 2013 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवले की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. उलट 2018 पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धान्यविरहित खाद्य आणि हृदयविकार यांच्या संबंधाची चौकशी केली. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, पण धान्यविरहित म्हणजे आरोग्यदायी, हा दावाही सिद्ध झालेला नाही.

म्हणून पाकिटाची पुढची बाजू सोडून मागची वाचावी. अन्न संपूर्ण आणि संतुलित आहे का, पिल्लासाठी की प्रौढासाठी, ते प्रत्यक्ष कुत्र्यांना खाऊ घालून तपासले का, बनवणाऱ्याचा पत्ता आहे का, हे पाहावे. उत्तर न देणाऱ्या कंपनीचा माल कितीही महाग असला तरी घेऊ नये. आणि मोजूनच घालावे: 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 48 लॅब्राडॉर कुत्र्यांपैकी भावंडांपेक्षा 25 टक्के कमी खाणारी कुत्री सुमारे 1.8 वर्षे जास्त जगली.