उपधा : एका स्थानाची संज्ञा

‘उपधा’ ही संज्ञा आज व्याकरणाच्या अभ्यासकांपुरतीच उरली आहे. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘धा’ म्हणजे ठेवणे. यावरून लगत ठेवलेले ते उपधा. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त हाच शब्द निराळ्या अर्थाने येतो. अमात्यांची निष्ठा पारखण्यासाठी धर्म, अर्थ, काम आणि भय यांच्या द्वारे घ्यावयाच्या गुप्त परीक्षांना तेथे ‘उपधा’ म्हटले आहे.

व्याकरणात मात्र उपधा हे एक स्थान आहे. शब्दातील अखेरच्या वर्णाच्या अगोदरचा वर्ण तो उपधा, अशी व्याख्या पाणिनीने ‘अष्टाध्यायी’च्या पहिल्याच पादात केली. येथे अक्षर नव्हे, वर्ण मोजावयाचा असतो. ‘भिद्’ या धातूत ‘द्’ हा अन्त्य वर्ण, तर ‘इ’ ही उपधा. तिला गुण होऊन ‘भेद’ सिद्ध होतो. तसाच ‘बुध्’पासून ‘बोध’. ‘पठ्’मधील उपधेच्या अकाराला वृद्धी होऊन ‘पाठ’ होतो. प्रत्यय शेवटी जोडला जातो, पण पालट घडतो तो त्याच्या आतल्या स्थानी.

मराठीने ही संज्ञा घेतली नाही; तिच्या जागी ‘उपान्त्य’ हा शब्द रूढ झाला आणि मोजणी वर्णाऐवजी अक्षराची झाली. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या लेखननियमांनुसार अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावयाचे असतात : फूल, वीट, जमीन. सामान्यरूपात तेच ऱ्हस्व होतात : फुलाला, विटेला, जमिनीला.

विद्यार्थ्याला हा नियम जाचक वाटतो, कारण तो डोळ्यांनी शिकविला जातो. कानाने ऐकल्यास त्याचे मर्म उलगडते. लेखनात ‘फूल’ अकारान्त असले, तरी मराठी उच्चारात अखेरचा अकार लोपतो आणि ‘फूल्’ एवढेच उरते. मग ‘ल्’ अन्त्य ठरतो आणि त्याआधीचा ‘ऊ’ नेमका पाणिनीची उपधा होतो. ‘फुलाला’ म्हणताना ‘ल’ला स्वर मिळतो, उकाराचे ते स्थान जाते आणि त्याबरोबर दीर्घत्वही.

‘गुण’, ‘विष’ यांसारखे तत्सम शब्द मराठी तोंडी बहुधा दीर्घ उच्चारले जातात, तरी लेखनात ते मूळ संस्कृताप्रमाणे ऱ्हस्वच राहतात. ‘शरीर’ तर ‘शरीराला’ या रूपातही आपले दीर्घत्व सोडत नाही. तेथे लेखनाची निष्ठा उच्चारापेक्षा परंपरेशी आहे. मराठीच्या स्वतःच्या शब्दांत मात्र विस्मृत उपधेचेच शासन अद्याप चालू आहे.