जिवंताचे मरण, मृताचा आवाज

ही अफवा रेडिओने देशभर नेली, म्हणून ती रेडिओवरच सांगितलेली बरी. १२ ऑक्टोबर १९६९ रोजी डेट्रॉइटच्या एका केंद्रावर श्रोत्याचा फोन आला : बीटल्सचा पॉल मॅकार्टनी मेला आहे, तबकडी उलटी फिरवून ऐका! निवेदक रस गिबने ती फिरवली आणि लोक पुरावे शोधत सुटले. ‘अ‍ॅबी रोड’च्या वेष्टनावर पॉल अनवाणी, म्हणजे तो प्रेतच! नोव्हेंबरात ‘लाइफ’ साप्ताहिकाने पॉलला स्कॉटलंडमधल्या त्याच्या शेतावर गाठले आणि सहकुटुंब मुखपृष्ठावर छापले.

अफवा तरीही टिकली. २०१० साली जोएल गिल्बर्टने तिला माहितीपटाचे सोंग दिले. लंडनहून निनावी पाकीट आले, त्यातल्या टेपमध्ये जॉर्ज हॅरिसनने सारे कबूल केले, अशी ही बतावणी. सोबत जुनी चित्रे आणि गंभीर निवेदन.

थट्टाच ती, असे कोणी म्हणेल. मला मात्र एक फरक बोचतो. पॉल हयात होता. १९९३ साली त्याने ‘पॉल इज लाइव्ह’ या अल्बमच्या वेष्टनावर त्याच रस्त्यावरून कुत्रा घेऊन चालत अफवेची टर उडवली. हॅरिसन मात्र २००१ मध्येच वारला होता. तोंडी घातलेले शब्द नाकारायला तो उरला नव्हता.

मंडळी, आवाज हा इतिहासाचा पुरावा असतो. पण आधी विचारावे : हा कोणी, केव्हा, कुठे मुद्रित केला?