ताटात काय कमी आहे

फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने म्हातारीच्या केसांवर बंदी घातली. मरीना किनाऱ्यावर गुलाबी पिशव्या घेऊन हिंडणाऱ्या विक्रेत्यांचा माल अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी तपासायला नेला, तेव्हा त्यात ऱ्होडामिन-बी हा कापड रंगवायचा रंग सापडला. बंदी योग्यच होती. मात्र तेव्हापासून चेन्नईतल्या पालकांच्या बोलण्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. ऱ्होडामिन-बी खाण्यात नको, कारण ते विषारी आहे. खाण्यात कायद्याने चालणाऱ्या रंगांमुळे मूल जास्त चंचल होते का, हा निराळा प्रश्न आहे. त्याचे पुरावे वेगळे आणि उत्तरही वेगळे. एडीएचडी आणि आहार या विषयावरच्या या पुस्तकात पाऊल टाकणाऱ्याने पहिली सवय लावून घ्यायची ती प्रश्न असे सुटे करण्याची.

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणे, स्वस्थ न बसवणे, मनात आले की करून मोकळे होणे. आणि हे सगळे इतके की शाळा, घर, मैत्री यांत अडचण व्हावी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कोइम्बतूरच्या एका पाहणीत प्राथमिक शाळेतल्या सुमारे ११ टक्के मुलांत ही स्थिती आढळली. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसते की तिच्यामागे आनुवंशिकतेचा वाटा मोठा, जवळजवळ तीन चतुर्थांश आहे. त्यामुळे ‘तू त्याला नीट खाऊ घातले नाहीस’ असे सुनेला ऐकवणाऱ्या घरांनी हे आधी वाचावे. आईच्या स्वयंपाकातून एडीएचडी जन्माला येत नाही. खाण्याने लक्षणे थोडी वरखाली होतात का, एवढाच आपला प्रश्न आहे, आणि त्याला बराच इतिहास आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड यांनी १९७३ मध्ये कृत्रिम रंग आणि चवींकडे बोट दाखवले. त्यांचा दावा मोठा होता, पुरावा तोकडा. वैद्यकाने तो झिडकारला आणि पालकांनी उचलून धरला. हा तिढा अजून पुरता सुटलेला नाही. २००७ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या सुमारे तीनशे साध्या, निदान न झालेल्या मुलांना कधी रंग आणि सोडियम बेन्झोएट घातलेले, तर कधी तसेच दिसणारे पण त्याविना बनवलेले सरबत पाजले. कोणत्या दिवशी काय दिले, हे ना घरच्यांना ठाऊक होते ना निरीक्षकांना. रंगीत सरबताने चंचलता किंचित वाढली. परिणाम छोटा होता आणि प्रत्येक मुलात सारखा नव्हता, तरी युरोपीय संघाने जुलै २०१० पासून सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापणे सक्तीचे केले. त्या सहांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मॉइसिन आणि पॉन्सो फोर-आर हे चार आपल्याकडे ठरावीक पदार्थांत, ठरावीक मर्यादेपर्यंत चालतात. माझे मत विचाराल तर रंगीत गोळ्या आणि सरबते कमी केल्याने कोणाचेच काही बिघडत नाही. ती अवश्य कमी करावीत. पण एवढ्याने निदान पुसले जाईल ही आशा धरू नये.

साखरेची गोष्ट याहून गमतीची आहे. वाढदिवसाला केक खाल्ला की मुले पिसाळतात, हे सर्वांनाच माहीत असते. १९९५ मध्ये साखरेवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा साखरेचा वागण्यावर परिणाम दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षी एक प्रयोग झाला होता. आपला मुलगा साखरेने बिथरतो असे मानणाऱ्या आयांच्या पाच ते सात वर्षांच्या मुलग्यांना साखरेऐवजी एकजात गोडी आणणारा दुसरा पदार्थ दिला. निम्म्या आयांना मात्र सांगितले की साखर दिली आहे. त्या आयांना आपला मुलगा जास्त चंचल दिसला, शिवाय त्या त्याच्याजवळ जास्त घुटमळल्या आणि त्याला जास्त टोकत राहिल्या. आहाराच्या अभ्यासात मुलाइतकेच त्याच्याकडे पाहणाऱ्याला तपासावे लागते, ते यासाठी. साखर दातांसाठी आणि वजनासाठी कमी करावी. त्याला कारणे पुरेशी आहेत.

इथवर सगळी चर्चा ताटातून काय काढायचे याची झाली. युरोप-अमेरिकेतल्या संशोधनाचा कल तिकडेच आहे, आणि तेच प्रश्न आपण जसेच्या तसे उचलले. पण तमिळनाडूत सहा महिने ते पाच वर्षांच्या ५७ टक्के मुलांना रक्तक्षय आहे, महाराष्ट्रात जवळजवळ ६९ टक्क्यांना. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे हे आकडे. जिथे अशी स्थिती आहे तिथे पहिला प्रश्न ताटात काय कमी आहे हा हवा. आहारातल्या टायरोसिनपासून मेंदूत डोपामिन बनते. त्या साखळीतली पहिली पायरी ज्या विकरामुळे घडते, त्याला लोह लागते. आणि एडीएचडीची नेहमीची औषधे डोपामिनवरच काम करतात. पॅरिसमध्ये एरिक कोनोफाल यांनी २००४ मध्ये एडीएचडी असलेल्या ५३ मुलांचे फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, मोजले. ८४ टक्के मुलांत ते कमी होते, तर तुलनेच्या गटात १८ टक्क्यांत. मुले थोडी होती आणि पुढचे सगळे अभ्यास इतके ठाम निघाले नाहीत. तरीही आपल्याकडे याचा उपयोग सरळ आहे. हिमोग्लोबिन ठीक असतानाही साठा रिता असू शकतो, म्हणून फेरिटिन तपासून घ्यावे. आणि ताप किंवा जंतुसंसर्ग असताना ते फसवे वाढलेले दिसते, म्हणून मूल बरे झाल्यावर तपासावे. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच. जास्तीचे लोह मुलांना घातक ठरते.

चेन्नईच्या घरांत आणखी एक बारकी गोष्ट असते. सहा-सात वर्षांच्या मुलालाही सकाळी इडलीबरोबर दुधाळ फिल्टर कॉफी मिळते. कॉफीतली द्रव्ये धान्य-भाज्यांतले लोह शोषू देत नाहीत. मुरुंगैकीरै, म्हणजे शेवग्याचा पाला, घातलेली अडै (डाळ-तांदळाचे धिरडे) करायची आणि तिच्यासोबत कॉफी पाजायची, हे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणे झाले. कॉफी बंद करावी किंवा निदान जेवणापासून लांब ठेवावी. अडैबरोबर लिंबू किंवा आवळा असावा.

ताटात घालण्याच्या बाबतीत या शहराला तर शंभर वर्षांचा अनुभव आहे. १९२० मध्ये मद्रास महापालिकेने, पी. त्यागराय चेट्टी अध्यक्ष असताना, थाउजंड लाइट्सच्या शाळेत दुपारचे जेवण सुरू केले. एका मुलामागे रोज एक आण्याहून जास्त खर्च नको, अशी अट होती. कामराजांनी १९५६ मध्ये ती कल्पना राज्यभर नेली, एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये तिचा विस्तार केला, आणि २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळी उपमा, खिचडी, पोंगल मिळू लागले. यांतले काहीच एडीएचडीसाठी आखलेले नव्हते. पण पाचेक वर्षांच्या मुलाच्या रोजच्या ऊर्जेतला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा मेंदू खातो. उपाशी पोटी पहिल्या तासाला बसलेल्या मुलाचे लक्ष उडते, हे शिक्षकांना नव्याने सांगायला नको. आणि अशा मुलावर चंचलतेचा शिक्का बसू नये, यासाठी निदानाआधी ‘सकाळी काय खाल्लेस?’ हे विचारायला हवे. याच शहरातल्या सुंदर सेरेंडिपिटी फाउंडेशनच्या मालविका विनोदकुमार आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांच्या जेवणात लोह, आयोडीन आणि जीवनसत्त्वे मिसळलेले मीठ वापरून पाहिले. मुलांचे पोषण आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांतले गुण दोन्ही सुधारले. ही मुले एडीएचडीची नव्हती, म्हणून त्यांवरून उडी मारू नये. दिशा मात्र आपल्या परिस्थितीतली आहे.

ओमेगा-३ बद्दल थोडक्यात. २०११ मध्ये १० चाचण्या आणि ६९९ मुले एकत्र धरून पाहिले, तेव्हा लहानसा फायदा दिसला, औषधांपेक्षा बराच कमी. महागड्या कॅप्सूल घेण्याआधी काशिमेडू बंदरावरची मत्ती, म्हणजे आपली तारली, आठवावी. शाकाहारी घरांत जवसाची चटणी चांगलीच, पण जवसातले ओमेगा-३ माशातल्या प्रकारात फारसे बदलत नाही.

सगळ्यात कडक उपाय म्हणजे मोजकेच पदार्थ ठेवून बाकी सारे बंद करणे. नेदरलँड्समध्ये २०११ साली भात, मांस, भाज्या, नासपती, पाणी अशा आहारावर ठेवलेल्या ५० मुलांपैकी ३२ जणांत पाच आठवड्यांत मोठी सुधारणा नोंदली गेली. आकडा मोहक आहे, पण आहार कोणाचा बदलला हे पालकांना माहीत होते. त्याच देशातल्या २०२३ मधल्या चाचणीत असा कडक आहार घेणाऱ्या ३५ टक्के मुलांत फरक पडला, तर साधा सकस आहार घेणाऱ्या ५१ टक्क्यांत. आपल्याकडच्या हाडकुळ्या मुलावर कडक आहाराचा प्रयोग आहारतज्ज्ञाशिवाय करणे मला धोक्याचे वाटते.

आणि गाडी उलटीही धावते, हे पुष्कळदा विसरले जाते. ही मुले पानावरून मध्येच उठतात, भूक लागली की हाताला येईल ते खातात. त्यामुळे वाईट आहार आणि चंचलता एकत्र दिसली म्हणजे पहिल्याने दुसरी आणली, असे ठरत नाही. मिथाइलफेनिडेट घेणाऱ्या मुलाची भूक दुपारी मरते, डबा तसाच परत येतो आणि रात्री नऊला मूल खायला मागते. तेव्हा रागवण्यापेक्षा गोळीआधी पोटभर नाश्ता आणि संध्याकाळी अंडे किंवा डाळ असे वेळापत्रक डॉक्टरांशी बोलून बसवता येते. औषध परस्पर बंद करून आहारावर भिस्त ठेवणे मात्र या पुस्तकातल्या कोणत्याही पानाला मान्य नाही.

वाचनाचा क्रम ज्याचा त्याने ठरवावा. निदान नुकतेच झालेल्या मुलाच्या आईवडिलांनी लोहाचे प्रकरण आधी घ्यावे आणि मुलाचा रक्ताचा अहवाल शेजारी ठेवावा. शिक्षकांनी शाळेतल्या नाश्त्यापासून सुरुवात करावी. आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी साउथॅम्प्टनचा प्रयोग पद्धतीसकट वाचावा आणि मगच फाइनगोल्डकडे जावे. इतिहासाची आवड असलेल्यांसाठी शेवटी तंजावर आहे. तिथल्या मराठी दरबारात सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचून अन्नाच्या गुणदोषांची नोंद केली होती.