बाळंतपणानंतर कामावर परतताना

बाळंतपणानंतर कामावर केव्हा परतावे, हा प्रश्न नोकरदार स्त्रीपुढे बहुधा रजा संपत आल्यावर उभा राहतो. वास्तविक त्याचे उत्तर गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातच शोधावे लागते. कायद्याने मिळणाऱ्या २६ आठवड्यांच्या पगारी रजेपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. तेवढे आधीच घेतले, तर प्रसूतीनंतर १८ आठवडे, म्हणजे जेमतेम चार महिने उरतात. प्रकृती साथ देत असेल आणि शेवटपर्यंत काम केले, तर बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घरी राहता येते. जालना जिल्ह्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. त्यासाठी सातव्या-आठव्या महिन्यातच रजा टाकून माहेर गाठले जाते. त्या वेळी खर्च झालेले आठवडे पुढे बाळाच्या वाट्याला येत नाहीत, ही गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांच्याही ध्यानात आणून द्यायला हवी.

कायदा काय देतो?

मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा झाला. त्याच्या विधेयकाला १९२८ मध्ये विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला होता. जालना त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने मुंबईचा हा कायदा येथे लागू नव्हता. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला. १२ आठवड्यांची रजा २६ आठवडे झाली ती १ एप्रिल २०१७ पासून. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. हक्कांचा गाभा मात्र बदललेला नाही.

प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असणे, ही मुख्य अट. आधीची दोन अपत्ये हयात असतील तर रजा १२ आठवड्यांचीच मिळते. गर्भपात झाल्यास सहा आठवडे आणि गरोदरपणातून अथवा प्रसूतीतून आजार उद्भवल्यास आणखी एक महिना रजेची तरतूद आहे. रजेवर असताना नोकरीवरून काढणे किंवा सेवाशर्ती प्रतिकूल करणे बेकायदा आहे. तशी वेळ आल्यास कामगार कार्यालयात तक्रार करता येते. रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या खटल्यात मार्च २००० मध्ये दिला. कंत्राटाची मुदत रजेच्या मध्येच संपली तरी लाभ थांबत नाही, हे याच न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची प्रसूती रजा आहे. शिवाय अपत्य १८ वर्षांचे होईपर्यंत वापरता येणारी १८० दिवसांची बालसंगोपन रजा २०१८ पासून मिळते. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांनाही १८० दिवस मानधनासह रजा मिळते. कारखान्यातील कामगार स्त्री राज्य विमा योजनेत असेल, तर वेतनाची रक्कम मालकाऐवजी विमा महामंडळ देते. इतरत्र हा सारा भार एकट्या मालकावर पडतो. छोट्या खासगी आस्थापना तरुण विवाहितेला नोकरी देताना का कचरतात, याचे एक कारण येथे सापडते. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेली दुकाने, दवाखाने आणि शिकवणी वर्ग तर या तरतुदीच्या बाहेरच राहतात.

अनेक घरांत ‘आता राजीनामा देऊन टाक’ असा सल्ला रजेपूर्वीच दिला जातो. तो ऐकण्याची घाई करू नये. राजीनामा दिल्यावर हक्काचे वेतन जाते. उलट रजा संपल्यावर नोकरी सोडली, तरी मिळालेला लाभ परत करावा, अशी तरतूद कायद्यात नाही.

शरीराचे वेळापत्रक

प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास मालकाला मनाई आहे. परंपरेतील सव्वा महिना या मुदतीच्या अगदी जवळ येतो. मात्र सव्वा महिना झाला म्हणजे शरीर पूर्ववत झाले, असे नव्हे. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असेल तर जड उचलण्यास, तसेच दीर्घ प्रवासास डॉक्टरांच्या तपासणीनंतरच सुरुवात करावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. प्रसूतीनंतरही १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, असा शासकीय कार्यक्रम आहे. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर चालू असली, तरी गोळ्या सोडू नयेत.

बाळाला पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्याआधी कामावर जाणाऱ्या मातेला दूध काढून ठेवण्याची सवय दोन-तीन आठवडे अगोदर करावी लागते. काढलेले दूध २५ अंश तापमानापर्यंत साधारण चार तास, शीतकपाटात चार दिवस टिकते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा ते बाहेर ठेवूच नये, आणि वीज गेल्यावर शीतकपाटाच्या भरवशावरही फार काळ राहू नये.

बाळ कोणाजवळ?

तारीख ठरते ती शेवटी या प्रश्नावर. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दोनदा स्तनपानासाठी सुटी मिळण्याचा हक्क आहे. पण छत्रपती संभाजीनगरहून साठ किलोमीटरवरील जालन्याला रोज अप-डाउन करणाऱ्या शिक्षिकेला किंवा बँक कर्मचारी स्त्रीला या सुटीचा उपयोग काय? पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाऊ द्यावे, अशीही तरतूद आहे. हे पन्नास म्हणजे एकूण कर्मचारी, केवळ स्त्रिया नव्हेत. पाळणाघर टाळणाऱ्या व्यवस्थापनाला हे सांगावे लागते. कामाचे स्वरूप तसे असेल, तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याचा करार मालकाशी करता येतो.

‘जालना सोने का पालना’ अशी या शहराची जुनी ख्याती. योगायोगाने केंद्राच्या पाळणाघर योजनेचे नावही २०२२ पासून ‘पालना’ हेच आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ती आहे. अंगणवाडीतही सहा महिन्यांपासून नोंद होते, मात्र तीन वर्षांखालील बाळाला तेथून घरी नेण्याचा आहार मिळतो, दिवसभराचा सांभाळ नव्हे. परिणामी बहुतेक घरांत आजीच पाळणाघर होते. तिची प्रकृती, तिची इच्छा आणि तिची शेतीची कामे यांचा विचार करून तारीख ठरवणे योग्य.

जिथे रजाच नाही

जालना बियाणे उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. संकरित बियाण्यांच्या शेतात आदल्या सायंकाळी फुलातील पुंकेसर काढणे आणि दुसऱ्या सकाळी परागीकरण करणे, हे नाजूक काम मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्या हातून होते. फूल थांबत नाही, त्यामुळे हंगामात घरी बसणे म्हणजे मजुरी बुडणे.

याहून बिकट स्थिती ऊसतोड मजूर स्त्रीची आहे. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून जोडपी ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम चुकले की खाडा. उचल दोघांच्या श्रमावर घेतलेली असल्याने बाळंतिणीच्या विश्रांतीचा हिशेब त्यात नसतो. फडाच्या कडेला झोळीत बाळ ठेवून ती काही दिवसांतच मोळ्या उचलू लागते. मालक कारखाना की मुकादम, हेच स्पष्ट नसल्याने २६ आठवडे तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

अशा स्त्रियांसाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या अपत्यासाठी ३ हजार आणि २ हजार अशा दोन हप्त्यांत ५ हजार रुपये, तर दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६ हजार रुपये मिळतात. बांधकाम मजूर मंडळात नोंद असलेल्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी नैसर्गिक प्रसूतीला १५ हजार, शस्त्रक्रियेने झाल्यास २० हजार रुपयांची मदत आहे.

मातृवंदनेचा दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंद आणि लसीकरणाची पहिली फेरी पूर्ण झाल्यावरच मिळतो. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातील या लसींच्या वेळी ऊसतोडीचे कुटुंब गावापासून दूर असते. लस तेथील आरोग्य केंद्रातही विनामूल्य दिली जाते. फक्त माता व बाल संरक्षण कार्ड सोबत हवे. अर्ज गावच्या अंगणवाडी सेविकेकडे किंवा आशा कार्यकर्तीकडे भरून, तो स्थलांतरापूर्वी करावा.