अकरा महिन्यांचं घर

स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर घर हे मुंबईच्या उपनगरांचं जुनं स्वप्न. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली आणि रुळांलगतची गावं हळूहळू चाकरमान्यांची झाली.

१९४७च्या कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४०च्या दराशी बांधली. भाडेकरूचं छप्पर टिकलं. पण भाड्यानं द्यायला घरं बांधणं मालकांना परवडेना. पागडी फोफावली. १९७३च्या दुरुस्तीनं १ फेब्रुवारीला राहत असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचं संरक्षण दिलं. नंतर आलेल्यांना मात्र नाही.

वर्षावरील भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून करार अकरा महिन्यांचा. १९९९च्या कायद्यानं परवान्याच्या करारालाही नोंदणी सक्तीची केली. तरी अकराची सवय सुटली नाही.

अकरा महिन्यांत मूल शाळेत रुळतं, वाणी उधारी देऊ लागतो, आणि सामान बांधायची वेळ येते.